पाटाची चौथी बाजू

१९५१ सालच्या जून महिन्यात, आमच्या गावात मराठी शाळा उघडली त्या सोमवारी सकाळी, माझी धाकटी बहीण चंद्रकला हिच्यावर अन्याय झाला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. अन्याय एका शिकलेल्या माणसाने केला, दिवसाढवळ्या केला, गावातल्या शहाण्यासुरत्या मंडळींच्या देखत केला, आणि त्या मंडळींपैकी एकालाही त्या दिवशी जेवण कमी गेलं नाही. ज्याने केला त्याचं नाव मी इथं छापत नाही. घाबरतो म्हणून नव्हे. माझ्या पत्रकांत मी याहून मोठ्या माणसांची नावं छापली आहेत. पण नाव छापलं की भांडण त्या नावाशी होतं आणि तसल्या खुर्च्यांवर बसलेले बाकीचे हात झटकून मोकळे होतात. म्हणून मी त्यांना नुसतं हेडमास्तर म्हणणार आहे.

मी आज एकवीस वर्षांचा आहे. या वयात कुणी आठवणी लिहीत नसतं, असं मला आमच्याच चळवळीतल्या वडीलधाऱ्यांनी समजावलं. आधी काही कर, केस पिकव, मग लिही म्हणाले. मी त्यांच्या छापील आठवणी वाचल्या आहेत. साठीला आलेल्या माणसाला त्याच्यावर छडी उगारणारा मास्तरसुद्धा देवमाणूस वाटायला लागतो आणि उपास काढलेले दिवस गोड लागतात. माझ्या तोंडाची चव अजून जागेवर आहे, तेवढ्यात लिहून टाकतो.

आमचं गाव जालन्याकडच्या टेंभुर्णीहून बैलगाडीने सकाळी निघालं तर दुपारच्या भाकरीला पोचावं इतक्या अंतरावर. निजामाच्या राज्यात गावात शाळा होती ती उर्दू. राज्य गेलं, उर्दूचे मास्तर आपल्या गावी निघून गेले आणि शाळेच्या दाराला कुलूप लागलं. मराठी शाळा येणार, येणार म्हणून सगळे चावडीवर बसून राहिले. आबा, म्हणजे आमचे वडील, उर्दू असं फर्राट्यानं वाचायचे की ऐकत राहावं, पण मराठी छापील ओळीवर बोट ठेवलं की ते बोटच अडखळायचं. गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांची हीच गत. आपल्या बोलीतलं अक्षर यांना वाचता येत नव्हतं आणि त्याची लाज कुणाला नव्हती. उलट मराठी काय, बोलता येते तेवढी बस्स, असा तोरा होता. हेच लोक पुढे माझ्या बहिणीच्या वाचनाचा न्याय करायला बसले.

घरात मराठी वाचता येणारं माणूस एकच, आमची गंगाकाकू. तिचं माहेर सरहद्दीपलीकडचं, वऱ्हाडातलं. तिकडे मराठी शाळा होत्या आणि काकू चौथी पास झाली होती. लग्नात तिच्या पेटीतून एक वाचनमाला आली होती, तिसरीची, पुठ्ठा निघालेली, कडेची पानं उंदरांनी चाखलेली. तेवढं एकच मराठी पुस्तक आमच्या घरात होतं. गावातले शेठजी, मारवाडातून कधीकाळी आलेले आणि आता गावचेच झालेले कापसाचे व्यापारी, जालन्याला जाताना दर खेपेला म्हणायचे, "किताब का? लाता हूं बहनजी, बराबर लाता हूं." सरकी आली, गुळाच्या भेली आल्या, किताब कधी आली नाही.

शाळेची वाट न बघता काकूने आम्हाला घरीच शिकवायला घेतलं. आम्ही चौघं. काकूचा थोरला दत्तू, तेव्हा बाराचा. मग मी, दहाचा. मग चंद्री, सातची. आणि काकूचा धाकटा नान्या, ज्याला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. आमची माय शेताचं सगळं बघायची, ती पहाटेच भाकर बांधून वावरात जायची. घर आणि पोरं काकूच्या ताब्यात. शिकवणीची वेळ म्हणजे भाकरीची वेळ, कारण तेवढाच वेळ काकू एका जागी बसलेली सापडायची. घर माळवदाचं. स्वयंपाकघराला खिडकी नाही, फक्त वर मातीच्या छताला एक साणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक. त्यातून उजेडाचा एक परातीएवढा गोल खाली पडायचा. त्या गोलात पाट, पाटावर पुस्तक, आणि पाटाच्या चार बाजूंना आम्ही. ऊन सरकेल तसा पाट सरकायचा आणि आम्ही बुड न उचलता त्याच्या मागे घसरत जायचो.

कोण कुठं बसणार हे कुणी ठरवलेलं नव्हतं, म्हणजे ते आधीपासूनच ठरलेलं होतं. चूल काकूच्या उजव्या हाताला, पुस्तक तिच्या समोर सरळ. तिच्या मांडीला मांडी लावून दत्तू, कारण तो थोरला आणि त्याला पुढे नोकरी करायची. भिंतीच्या बाजूला मी. कणगीच्या बाजूला नान्या. आणि समोरची, दाराकडची चौथी बाजू चंद्रीची. दाराकडची का, तर तिला मधे मधे उठावं लागायचं. ओसरीवर पाहुणा आला, पाणी द्या. वासरू सुटलं, हाकला. बाहेरून आबांचा आवाज आला की पुस्तकातलं वाक्य जिथं असेल तिथं टाकून ती उठायची आणि परत येऊन त्याच शब्दावर बोट ठेवायची. आम्ही तिघं पोरं दोन वर्षांत एकदाही उठलो नाही. आम्हाला कुणी हाकच मारली नाही.

वेगवेगळ्या वयाच्या चार पोरांना एकाच पानावर कसं शिकवायचं याची पुस्तकं आता निघाली आहेत म्हणे, ट्रेनिंग कॉलेजात त्याचे धडे देतात. त्या विद्वानांनी आमच्या काकूच्या चुलीपुढं आठवडाभर बसायला हवं होतं. एका हाताने भाकरी थापत, आवाजाला ताल धरत, ती चौघांना चार कामं लावायची.

"दत्तू, ह्या ओळीचा मतलब सांग मले. वसंता, तू फुडची वाच. चंद्रे, दोघांवर ध्यान ठेव. अन् नान्या, ह्या पानात 'क' कुठं कुठं हाय ते बोटानं दाव. थुंकी नको लावू पानाला."

दत्तू घाईघाईने वाचायचा. लवकर संपलं तर लवकर भाकर मिळते हे त्याला कळलं होतं.

"दत्तूदादानं 'पण' खाल्लं," चंद्री समोरून म्हणायची.

"तू काहून माझ्या ओळीत बघून राह्यली?"

"तू खाऊन राह्यला म्हणून."

"भाकर खा रे बाबू," काकू तव्यावरची भाकर उलथत म्हणायची. "त्याच्यासाठीच करून राह्यली मी. शब्द खाऊ नको."

काकूच्या त्या 'मले' अन् 'तुले'ची आम्ही नक्कल करायचो, आणि ती नक्कल करणाऱ्याला पहिली भाकर द्यायची, म्हणायची, घे, वऱ्हाडी बोलला, वऱ्हाडी खा. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकर, तिच्यावर लसणाची चटणी, चटणीत खड्डा करून करडईचं तेल. कधी येसराची आमटी. तेल पानावर सांडू नये म्हणून जेवताना पुस्तक कणगीवर जायचं. पाट्या दोनच होत्या, त्या थोरल्या दोघांकडे. चंद्रीने लिहायचं ते काटवटीत. पीठ मळायच्या आधी काटवटीत पसरलेल्या कोरड्या पिठावर काकू बोटाने अक्षर काढायची, चंद्री समोरून त्याच्याखाली तसंच काढायची. काकू बघायची, "वा, माझी बाई" म्हणायची आणि पिठात पाणी ओतायची. चंद्रीने लिहिलेलं सगळं आम्ही दोन वर्षं खाल्लं.

आता ज्याला डोकं आहे त्याच्या लक्षात आलं असेल. आमच्या घरात ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. पुस्तक काकूला सरळ, म्हणजे समोर बसलेल्या चंद्रीला ते उलटं. काकूचं अक्षर काकूला सरळ, चंद्रीला उलटं. चंद्रीने जसं दिसलं तसं गिरवलं, उलटं. आणि ते समोरून काकूला अगदी सरळ, सुबक दिसलं. चूक दिसायला काकूला उठून पाटाच्या पलीकडे जावं लागलं असतं. भाकरी थापणारी बाई उठते कधी? मी भिंतीकडून बघायचो, मला अक्षरं आडवी पडलेली दिसायची. मान वाकडी करून मी वाचायला शिकलो. आजही छापखान्यात मुद्रितं तपासताना माझी मान डावीकडे कलते आणि लोकांना वाटतं मी फार खोल विचारात आहे.

दोन वर्षांनी शाळा आली. इमारत नव्हतीच; शेठजींनी सरकीचं गोदाम दिलं आणि त्याबद्दल स्वतःच्या गळ्यात हार घालून घेतला. गोदामाला सरकीचा तो तेलकट, कोंदट वास, कोपऱ्यात फाटकी पोती, मधे शेठजींच्या घरून आणलेली खुर्ची आणि खुर्चीत हेडमास्तर. स्वच्छ धोतर, काळी टोपी, शुद्ध बोलणं. त्यांच्या शुद्ध बोलण्यानेच गाव अर्धं गार झालं होतं. आमचे लोक उर्दूपुढे पन्नास वर्षं वाकले, आता शुद्ध मराठीपुढे वाकायला तयार होऊन बसले होते. कंबर एकदा वाकायला शिकली की समोर कोण आहे हे बघत नाही. घरी शिकलेल्या पोरांची परीक्षा घेऊन हेडमास्तर इयत्ता ठरवणार होते. घरी शिकलेली पोरं गावात फक्त आमचीच. बघायला पोलीस पाटील, शेठजी, चार म्हातारे आणि आबा.

दत्तूने वाचलं. चौथी. मी वाचलं. मान कलली तशी "मान सरळ ठेव" म्हणाले. मी मान सरळ केली आणि पुस्तकच जरा तिरकं धरलं. "ठीक आहे," म्हणाले. तिसरी. नान्याला नाव विचारलं, त्याने आडनावासकट सांगितलं. पहिली. मग चंद्री पुढं झाली. तिने काकूचं लहानपणचं हिरवं परकर-पोलकं घातलं होतं, काकूने रात्रीतून आटवून दिलेलं.

"हिला काय येतं?" हेडमास्तरांनी आबांना विचारलं.

"वाचती जी. सगळं वाचती. पोरांच्या चुका काढती."

हेडमास्तरांनी पुस्तक तिच्या हातात दिलं. चंद्रीने ते फिरवून उलटं धरलं.

"अगं, पुस्तक धरायचं कसं हेसुद्धा शिकवलं नाही का?" त्यांनी ते सरळ करून दिलं. चंद्रीने नम्रपणे पुन्हा फिरवलं. म्हातारे हसले. मग तिने वाचायला सुरुवात केली, आणि हसणं थांबलं, कारण ती दत्तूपेक्षा चांगलं वाचत होती. स्वल्पविरामाला थांबत होती. काकूच्या भाकरीचा ताल तिच्या वाचनात होता.

"पाठ केलंय," हेडमास्तर म्हणाले. त्यांनी आपल्या पिशवीतून एक नवं कोरं पुस्तक काढलं, ज्याचा गावात कुणी वासही घेतला नव्हता, आणि मधलंच पान उघडून दिलं. उंटाचा धडा होता. चंद्रीने पुस्तक फिरवलं आणि उंट, त्याची मदार, वाळवंट, सगळं घडाघडा वाचून काढलं. जन्मात तिने उंट पाहिला नव्हता.

इथं कुठलाही माणूस खुर्चीतून उठला असता, मुलीच्या मागे जाऊन उभा राहिला असता आणि विचारलं असतं, बाळ, तू असं का वाचतेस? हे एवढं विचारायला ट्रेनिंग लागत नाही. हेडमास्तर लाल झाले. त्यांना वाटलं त्यांची थट्टा चालली आहे. त्यांनी तिला खाली बसवून पाटी दिली, नाव लिही म्हणाले आणि तिच्या खांद्यावरून बघत उभे राहिले. चंद्रीने उजवीकडून सुरुवात केली. आधी तळाशी रेघ ओढली आणि त्या रेघेवर अक्षरं उभी केली, पाय वर, डोकं खाली.

मग पोलीस पाटलांनी हळू आवाजात म्हटलं, "भानामती हाय ही."

आमच्या मुलखात हा शब्द काय करतो हे बाहेरच्या वाचकाला सांगतो. कुणी करणी केली, की बाई भुंकते, अंगावर फुल्या उठतात, कपडे आपोआप पेटतात, असं आमचे लोक मानतात. ज्या घरावर हा शब्द पडला त्या घरचं पाणी कुणी पीत नाही. एक शिकलेला माणूस तिथं उभा होता. "मूर्खासारखं बोलू नका" एवढं त्याने म्हणायला हवं होतं. तो हसला. म्हणाला, "काय असेल ते असो. अशी मुलगी वर्गात बसवली तर बाकीची पोरं डोक्यावर चालू लागतील. पहिलीतसुद्धा नाही."

शेठजींनी तोंड उघडलं, हे मी त्यांच्या खात्यावर मांडतो. "पढती तो बराबर है, मास्तरजी," ते म्हणाले. हेडमास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि शेठजींना एकदम आपल्या सरकीची आठवण झाली.

घरी येताना चंद्री आबांच्या मागून चालत होती. "आबा, मी एक बी शब्द चुकले न्हाई. मंग काहून?" आबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "गुमान चल," म्हणाले. मी आबांच्या शेजारी होतो आणि त्यांचा चेहरा मला दिसत होता. भीती होती त्या चेहऱ्यावर, आपल्याच पोरीची.

काकूला सगळं सांगितलं तेव्हा ती भाकरीच करत होती. तिने चंद्रीला पुस्तक वाचायला लावलं आणि पहिल्यांदाच उठून पाटाला वळसा घालून चंद्रीच्या जागी, तिच्या मागे जाऊन बसली. चंद्रीच्या डोक्यावरून तिने पुस्तकाकडे पाहिलं. तव्यावरची भाकर करपून धूर साण्यातून वर निघाला तरी ती हलली नाही. मग एवढंच म्हणाली, "मले तिकडून दोन वरीस सरळच दिसत राह्यलं गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूने पाट काखोटीला मारला, पुस्तक पदरात घेतलं, चंद्रीचा हात धरला आणि भर बाजाराच्या गल्लीतून गोदामाकडे निघाली. आमच्या घरची बाई दिवसा, पुरुषमाणूस बरोबर नसताना, चारचौघांत जात नसे. मी मागे गेलो. आबा ओसरीवरच राहिले. वाटेत विहिरीवरच्या बाया घागरी उचलून बाजूला झाल्या. एकीने आपल्या पोराचे डोळे झाकले. बातमी रात्रीतून सगळीकडे फिरली होती. जालन्याची गाडी गावात यायला दोन दिवस लावायची, पण ही एका रात्रीत घरोघर पोचली.

गोदामाच्या दारात काकूने पाट मांडला, पुस्तक ठेवलं, आपण एका बाजूला बसली, चंद्रीला समोर बसवलं.

"मास्तर, हे बघा. पोरगी इथं बसे, मी इथं. तिले पुस्तक असंच दिसे. करणी-बिरणी काही न्हाई. चूक माझी हाय. महिनाभर द्या, मी तिले सरळ करून आणून बसवते वर्गात."

हेडमास्तर खुर्चीतून उठले नाहीत. "बाई, शाळा म्हणजे तुमची चूल नव्हे."

"चुलीपाशी शिकलेली तिघं तुम्ही कालच घेतले की," काकू म्हणाली. "चौथीच कशी काय चुलीची राह्यली?"

उत्तर नसलं की अशी माणसं नियम काढतात. "प्रवेश काल संपले. पुढच्या वर्षी आणा. सरळ करून आणा."

काकूने पाट उचलला. घरी आल्यावर तिने नवा कायदा केला: पाट रोज पाव फिरवायचा. ज्याच्या वाट्याला जी बाजू येईल तिथून त्याने वाचायचं. आम्ही शाळेतून आलो की तिच्या शाळेत बसायचो. पहिल्या उलट्या दिवशी चौथीतला दत्तू एक ओळ वाचू शकला नाही. त्याला 'ग' आणि 'म' कळेना, घाम फुटला, शेवटी रडकुंडीला आला.

"जमून नाही राह्यलं, माय."

"मंग तुझ्यावर बी कुणी केली का काय करणी?" काकूने विचारलं. "बोलवू का पाटलाले?"

चंद्री पोळ्याच्या आत सरळ वाचायला आणि सरळ लिहायला लागली. पोळ्याच्या आत. जो प्रश्न काकूने एका पावसाळ्यात, भाकरी करता करता सोडवला, त्यासाठी हेडमास्तरांनी एका मुलीचं वर्ष घेतलं. आणि नुसतं वर्षच नव्हे. पुढच्या जूनमध्ये आबा, काकूने चार दिवस अन्नाला हात लावला नाही तेव्हा, चंद्रीला घेऊन गेले. हेडमास्तरांनी तिचं वाचन ऐकलंच नाही. दहा वर्षांची घोडी पहिलीच्या पोरांत कशी बसवायची, म्हणाले. मग तिसरीत बसवा, आबा म्हणाले. तिसरीत बसायला दुसरीचा दाखला आणा. दुसरीचा दाखला शाळेत गेल्याशिवाय मिळत नाही आणि दाखल्याशिवाय शाळेत घेत नाहीत. गेल्या वर्षी ती वेडी होती, यंदा ती मोठी झाली. आबा "बराबर हाय जी" म्हणून हात जोडून परत आले. ते हात मी अजून विसरलो नाही. उर्दूतली अर्जी लिहायला तालुक्यातली माणसं ज्यांच्याकडे यायची, त्या माणसाला आपल्या पोरीसाठी एक वाक्य सुचलं नाही.

भानामतीचा शब्द मात्र, शाळेने चंद्रीला परत पाठवलं तसा, परत पाठवता येत नव्हता. मायने चंद्रीच्या दंडाला काळा दोरा बांधला आणि कुणी विचारलं की सांगायची, आता बरी हाय. बरी होती ती कधीची. जवळपासच्या गावांतून स्थळ येईना तेव्हा दूरचं बघितलं, मंठ्याकडचं, जिथं ही बातमी पोचली नव्हती. तेराव्या वर्षी तिला तिकडे दिली. बोलणी करताना व्याह्यांनी विचारलं, पोरगी शिकलेली तर न्हाई ना? आबा म्हणाले, न्हाई जी. शाळेची पायरी चढलेली न्हाई. त्यांचं हे बोलणं शब्दशः खरं होतं आणि मला ते त्यांच्या सगळ्या खोट्या बोलण्यापेक्षा जास्त नकोसं वाटतं.

मी पुढे जालन्याला शिकलो आणि चळवळीची पत्रकं छापायच्या निमित्ताने खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला शिकलो. तिथं कळलं की जुळवलेल्या खिळ्यांची ओळ हातात उलटी धरूनच वाचावी लागते. ज्याला ते झरझर जमतं त्याला छापखाने एकमेकांकडून पळवतात. मला ते धड जमलं नाही. ज्या करामतीला जालन्यात पगार मिळतो, तिला आमच्या गावात भानामती म्हणाले.

मागच्या उन्हाळ्यात मी मंठ्याला बहिणीकडे गेलो. सासरा ओसरीवरून आत येऊन जेवायला बसतो आणि जेवताना वर्तमानपत्र उभं धरतो. पत्र मागायची सुनेला सोय नाही. सुनेला अक्षर येत नाही अशीच त्यांची समजूत आहे. चंद्री समोर बसून भाकरी वाढते. पान मांडीवर उतरलं की तेवढ्या वेळात समोरून सगळं वाचून घेते. मी निघताना मला दारापर्यंत पोचवायला आली आणि हळूच म्हणाली, "वसंतदादा, तुमच्या मोर्चाचं छापून आल्तं मंगळवारी. खालच्या कोपऱ्यात. मामंजींचा अंगठा होता त्याच्यावर, पुरं वाचता न्हाई आलं. काय झालं मंग?" ती अठरा वर्षांची आहे. तिला परीक्षेला बसायचं आहे, बाहेरून का होईना. त्यासाठी पुन्हा दाखला लागतो. तो देणारी सही अजून त्याच खुर्चीत आहे. मी दोनदा मागून पाहिली. नियमात बसत नाही, म्हणाले.

आणि आता, या मार्गशीर्षात, गावात मांडव पडतो आहे. हेडमास्तर निवृत्त होत आहेत. सत्कार समितीत दत्तू आहे. तो आता तहसिलीत कारकून आहे आणि त्याचं अक्षर फार सुंदर आहे. मानपत्र मी लिहावं म्हणून तो जालन्याला आला होता.

"झालं गेलं सोड ना, वसंता. गुरुजी थकले आता. म्हातारे झाले."

"चंद्री बी म्हातारी होणारच हाय," मी म्हणालो. "तिची सही आण, मानपत्र लिहितो."

"तिची कशाला?"

"बरं, त्यांची आण मंग. तिच्या दाखल्यावर."

दत्तू चहा अर्धा ठेवून गेला. मानपत्र दुसऱ्या कुणी लिहिलंच असेल, त्यात ज्ञानदीप, तेजस्वी पिढ्या वगैरे असेलच. मी हे लिहिलं.

वाचक हो, तुम्ही आमच्या गावचे असाल तर त्या मांडवात बसू नका. दाखल्यावर सही होईपर्यंत दाराबाहेर उभे राहा, शाल आणि नारळ घेऊन उभे राहा हवं तर, पण बाहेर. आणि आमच्या गावचे नसाल तर तुमच्याही गावात असाच एक मांडव कधी ना कधी पडणार आहे. भाषणं संपतील, तुमचे हात टाळीसाठी वर येतील. त्या क्षणी ते खाली ठेवा, उठा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा: गुरुजी, तुम्ही दारातून परत पाठवलेल्या मुली कोणत्या, आणि त्या आज कुठं आहेत? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.